अन्न विकिरण प्रक्रिया (महाराष्ट्र)

अन्न विकिरण प्रक्रिया म्हणजे शेतमाल किंवा खाद्यपदार्थ ठरावीक मात्रेच्या गॅमा किरणांखालून अथवा तत्सम किरणांखालून नेऊन त्यातील कीड व सूक्ष्मजीव निष्प्रभ करण्याचे किंवा कंदांना कोंब फुटणे रोखण्याचे तंत्र होय. भारतात या तंत्राचा विकास प्रामुख्याने मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाला. संशोधनापासून प्रकल्पउभारणीपर्यंत त्याचा मोठा भार सार्वजनिक निधीने उचलला आहे. महाराष्ट्रात कांदा, आंबा आणि मसाले या तीन पदार्थांच्या संदर्भात हे तंत्र विशेष महत्त्वाचे ठरले आहे.

कार्यपद्धती

भारतातील बहुतेक केंद्रांत कोबाल्ट-६० या किरणोत्सारी समस्थानिकाचा वापर होतो. त्याचा पुरवठा अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील, वाशी येथे मुख्यालय असलेले विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ (ब्रिट) करते. हा स्रोत जाड काँक्रीटच्या भिंती असलेल्या कक्षात, खोल पाण्याच्या टाकीत ठेवलेला असतो. प्रक्रियेच्या वेळी तो वर उचलला जातो आणि मालाच्या पेट्या फिरत्या पट्ट्यावरून त्याच्याभोवती नेल्या जातात. मालाचा स्रोताशी स्पर्श होत नाही. वापरलेल्या किरणांची ऊर्जा मर्यादित असल्याने अन्न स्वतः किरणोत्सारी बनत नाही.

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. उद्देशानुसार ती बदलते :

• कांदा, बटाटा यांसारख्या कंदांना कोंब फुटू नयेत म्हणून ०.०२ ते ०.२ किलोग्रे
• अमेरिकेला पाठवायच्या आंब्यातील किडीसाठी किमान ०.४ किलोग्रे
• मसाल्यांतील सूक्ष्मजीव नष्ट करण्यासाठी ६ ते १४ किलोग्रे

कांद्याच्या बाबतीत किरणांमुळे वाढबिंदूतील पेशींचे विभाजन थांबते व कोंब येत नाही. आंब्यातील फळमाशी किंवा कोयीतील भुंगा या मात्रेत लगेच मरतोच असे नाही. मात्र त्याचे प्रजनन थांबते आणि आयातदार देशात कीड पसरण्याचा धोका टळतो.

इतिहास

अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० मध्ये, १० किलोग्रेपर्यंतच्या सरासरी मात्रेने विषबाधेचा धोका उद्भवत नाही, असा निष्कर्ष काढला. भारतात १९९४ मध्ये कांदा, बटाटा व मसाले यांच्या विकिरणास परवानगी मिळाली. पुढे ही यादी वाढत गेली. सध्या प्रत्येक पदार्थाऐवजी पदार्थांच्या वर्गानुसार परवानगी दिली जाते. केंद्राला परवाना देणे व सुरक्षिततेवर देखरेख ठेवणे हे काम अणुऊर्जा नियामक मंडळ करते, तर अन्नाचे निकष भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण ठरवते. प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या वेष्टनावर तसा उल्लेख व ‘रादुरा’ हे हिरवे चिन्ह छापणे बंधनकारक आहे.

महाराष्ट्रातील प्रमुख केंद्रे

वाशी (ब्रिट) : मसाल्यांसारख्या जास्त मात्रेच्या पदार्थांसाठीचा हा प्रकल्प २००० मध्ये कार्यान्वित झाला.

लासलगाव : नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव ही देशातील कांद्याची अग्रगण्य बाजारपेठ होय. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘कृषी उत्पादन संरक्षण केंद्र’ म्हणजेच ‘कृषक’ हा प्रकल्प २००२ मध्ये उभारला. तो मुळात कांद्यासाठी योजलेला होता, परंतु त्याला खरी प्रसिद्धी आंब्याने मिळवून दिली. मार्च २००६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या भारतभेटीत आंब्याच्या निर्यातीचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकी कृषी खात्याची मान्यता मिळाल्यावर एप्रिल २००७ मध्ये येथे प्रक्रिया केलेला आंबा, सुमारे अठरा वर्षांच्या खंडानंतर, अमेरिकेला रवाना झाला.

वाशी (पणन मंडळ) : महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या साहाय्याने येथे विकिरण सुविधा केंद्र उभारले. कोकणातील हापूस लासलगावला नेऊन पुन्हा मुंबईच्या विमानतळावर आणण्याचा फेरा त्यामुळे वाचला.

शासकीय अर्थसाहाय्य

विकिरण केंद्राचा खर्च मुख्यतः सुरुवातीलाच होतो. काँक्रीटचा कक्ष, किरणस्रोत आणि सुरक्षायंत्रणा यांत मोठे भांडवल अडकते. शिवाय कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल सुमारे ५.२७ वर्षे असल्याने, केंद्र चालू असो वा बंद, स्रोताची तीव्रता दरवर्षी साधारण १२ टक्क्यांनी घटते. एका पिकाचा हंगाम मात्र काही आठवड्यांचाच असतो. त्यामुळे केवळ कांद्यावर किंवा केवळ आंब्यावर अवलंबून असलेले केंद्र उर्वरित वर्षभर तोट्यात जाते. अनेक प्रकारचा माल हाताळणाऱ्या बहुउत्पादनी केंद्रांवर शासनाचा भर आहे, त्याचे हे मुख्य कारण होय.

केंद्रीय अन्न प्रक्रिया उद्योग मंत्रालय प्रधानमंत्री किसान संपदा योजनेच्या शीतसाखळी घटकातून अशा प्रकल्पांना अनुदान देते. सर्वसाधारण क्षेत्रात ते पात्र खर्चाच्या ३५ टक्के, तर दुर्गम क्षेत्रांत, तसेच अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक, शेतकरी उत्पादक कंपन्या व बचतगट यांच्यासाठी ५० टक्के असून त्याची कमाल मर्यादा १० कोटी रुपये आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग क्षेत्रात ५० बहुउत्पादनी विकिरण केंद्रांना साहाय्य देण्याची घोषणा झाली. ३१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संपदा योजनेचा एकूण निधी १,९२० कोटींनी वाढवून ६,५२० कोटी रुपये केला. वाढीव रकमेपैकी १,००० कोटी रुपये ही ५० केंद्रे व १०० अन्नचाचणी प्रयोगशाळा यांच्यासाठी आहेत.

अनुदान प्रकल्पखर्चाच्या एका भागापुरतेच असते. उरलेले भांडवल प्रवर्तकाने स्वतः किंवा बँकेच्या कर्जातून उभे करावयाचे असते. साहजिकच लहान शेतकरी अशा केंद्राचा मालक होण्यापेक्षा त्याचा ग्राहक होण्याची शक्यता अधिक असते.

मर्यादा व आक्षेप

विकिरणाने कांद्याचे कोंब थांबतात, मात्र सड आणि वजनातील घट थांबत नाही. काढणीनंतर कांदा नीट सुकवून, तो सुप्तावस्थेत असतानाच प्रक्रिया करावी लागते आणि पुढील साठवणही हवेशीर चाळीत किंवा शीतगृहात करावी लागते. आधीच सडू लागलेला माल या तंत्राने सुधारत नाही.

दुसरा प्रश्न भावाचा आहे. साठवणीवर खर्च करणे शेतकऱ्याला तेव्हाच परवडते, जेव्हा पुढे भाव वाढण्याची आशा असते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागू झाले आणि डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात निर्यातबंदी होती. धोरणातील अशा बदलांमुळे साठवलेल्या मालाचा लाभ अनिश्चित होतो. ग्राहकांसाठी भाव स्थिर ठेवण्याकरिता शासन कांद्याचा राखीव साठा करते. त्यातील नासाडी कमी करण्यासाठी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने लासलगाव येथे प्रायोगिक स्वरूपात विकिरणाचा अवलंब केला.

निर्यातीच्या बाबतीत तंत्राइतकेच महत्त्व परदेशी तपासणीला असते. करोना साथीच्या काळात अमेरिकी निरीक्षक येऊ न शकल्याने आंब्याची निर्यात थांबली व २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत प्रक्रिया झालेल्या आंब्याच्या सुमारे १५ खेपा कागदपत्रांतील त्रुटींच्या कारणावरून अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारण्यात आल्या. नाशवंत माल परत आणणे परवडणारे नसल्याने निर्यातदारांना तो तेथेच नष्ट करावा लागला.

‘किरण’ या शब्दामुळे ग्राहकांच्या मनात निर्माण होणारी भीती हाही प्रसारातील एक अडथळा मानला जातो.

हे सुद्धा पहा

• भाभा अणुसंशोधन केंद्र
• महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ
• लासलगाव
• हापूस आंबा
• कांदा चाळ