उष्टावण आणि त्यापुढचे अठरा महिने

ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी सहजच मोठ्या घटनांकडे वळते. खाडीला घातलेले बांध, मिठागरे, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप, हे विषय आगरी समाजाच्या स्मरणिकांतून वारंवार येतात, आणि ते यावेत हे योग्यच आहे. परंतु समाजाच्या इतिहासाची काही पाने चुलीपाशीही लिहिली गेलेली असतात. आईच्या दुधावर वाढलेल्या बालकास पहिला घास केव्हा दिला, कशाचा दिला आणि त्यानंतर काय दिले, यावर कित्येक घरांच्या वंशवेली वाढल्या अथवा खुंटल्या. यंदा तोच इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

माजिवड्यातील जुन्या घरांत पाचवी, बारसे, उष्टावण आणि जावळ हे बालकाच्या आयुष्यातील पहिले टप्पे. जावळास कार्ल्याची एकवीरा, तसा उष्टावणास मामा. मामाने भाच्यास मांडीवर घ्यावे, सोन्याच्या अंगठीने अथवा चांदीच्या रुपयाने खिरीचा थेंब त्याच्या जिभेवर ठेवावा, आणि भोवती जमलेल्या बायकांनी कौतुकाने पाहावे, अशी ही रीत. मुलगा असल्यास सहावा, आठवा असा सम महिना आणि मुलगी असल्यास पाचवा, सातवा असा विषम महिना धरावा, हा पंचांगातील नियमही बहुतेक घरी पाळला जाई.

ही रीत फार प्राचीन आहे. गृह्यसूत्रांनी आणि मनुस्मृतीने अन्नप्राशनासाठी सहावा महिना सांगितला आहे. सुश्रुताचार्यांनीही सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न द्यावे असे म्हटले आहे. काश्यपसंहिता हा बालरोगांवरील प्राचीन ग्रंथ तर याहून सावध आहे. त्याने सहाव्या महिन्यात फळांचा रस आणि दात आल्यावर, दहाव्या महिन्याच्या सुमारास, अन्न असा क्रम लावला आहे. आम्हां खाडीकाठच्या लोकांस एक गोष्ट वाचून विशेष गंमत वाटेल. पारस्कर आणि शांखायन यांच्या गृह्यसूत्रांत मनोरथांप्रमाणे पहिले अन्न निरनिराळे सांगितले आहे, आणि ज्याने आपले मूल चपळ व्हावे अशी इच्छा धरली असेल त्याने त्यास मासे द्यावेत, असे त्यांत म्हटले आहे. बाळास मासळी देऊ नये, ती उष्ण पडते, असे सांगणाऱ्या आजीबाईंनी या शास्त्रार्थाचा अवश्य विचार करावा.

आधुनिक वैद्यकाचे मत या बाबतीत अनेकदा बदलले. एके काळी चौथ्या महिन्यापासूनच वरचे अन्न सुरू करण्याचा सल्ला देत. २००१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, आणि त्यानंतर स्तनपान चालू ठेवून वरचे अन्न, असा निर्णय मान्य केला. म्हणजे फिरून फिरून जग सहाव्या महिन्यापाशीच येऊन पोहोचले. फरक इतकाच की आपण सहावा महिना लागला म्हणजे उष्टावण करीत होतो आणि आता तो पूर्ण होऊ द्यावा असे सांगतात. मुलामुलींसाठी वेगवेगळ्या महिन्यांना मात्र शरीरशास्त्रात काहीच आधार नाही. भूक सर्वांना सारख्याच वयात लागते.

तर मग आपल्या पूर्वजांचे चुकले कोठे? पहिल्या घासाची वेळ त्यांनी बरीचशी बरोबर साधली होती. चूक झाली ती दुसऱ्या दिवसापासून. हे आम्ही ऐकीव माहितीवरून लिहीत नाही.

आमच्या पाठीवर झालेल्या बहिणीचे उष्टावण आम्हांस अंधुक आठवते. मामा बाळकुमाहून चालत आला होता. त्याने चांदीची वाटी आणली होती. नव्या तांदळाची खीर झाली, ती एक थेंब बाळाने चाखली आणि उरलेली आम्हां पोरांनी संपविली. दुसऱ्या दिवसापासून तिला पेजेची निवळ मिळू लागली. डाळ जड, अंडे उष्ण, मासळीने जंत होतात, या समजुतीने वर्ष उलटले तरी निवळीखेरीज फारसे काही तिच्या मुखात गेले नाही. अंगावरचे दूध होते तोवर तिने तग धरला. ती चौदा महिन्यांची असताना धाकटे भावंड झाले आणि तिचे दूध तुटले. पुढे तिचे पाय सुजले, केस तांबूस झाले, ती हसेनाशी झाली. कोणी दृष्ट काढली, कोणी अंगारा लावला. दुसरे वर्ष पुरे होण्याआधीच ती गेली. त्या दिवशी आमच्या घरात कणगी भाताने भरलेली होती, अंगणात कोंबड्या होत्या, वाशाला सुकट टांगलेली होती आणि मडक्यात वाल होते.

पुष्कळ वर्षांनी या दुखण्याचे वर्णन आम्ही एका पुस्तकात वाचले. डॉ. सिसिली विल्यम्स नावाच्या बाई आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात काम करीत होत्या. तेथील मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या बालकांत त्यांना हीच सूज, हेच तांबूस केस आणि हीच उदासी दिसली. तेथील बायका या रोगास क्वाशिओरकोर म्हणत. पाठचे भावंड झाल्यावर आईच्या कुशीतून दूर झालेल्या मुलास जडणारे दुखणे, असा त्या शब्दाचा भाव आहे. बाईंनी १९३५ मध्ये हेच नाव वैद्यकशास्त्रात रूढ केले. ते वाचताना आम्हांस आमचे माजिवड्याचे अंगण दिसले.

निवळीने असे का व्हावे, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. आठ किलो वजनाच्या बालकाच्या पोटात एका वेळी पाव लिटरहून थोडे कमीच अन्न मावते. तेवढी जागा पाण्याने भरली की पोट तुडुंब होते, मूल रडावयाचे थांबते आणि आईला वाटते की लेकरू जेवले. शिवाय सहा महिन्यांनंतर बालकाच्या शरीरातील लोहाचा साठा कमी होत जातो, आणि तो केवळ आईच्या दुधाने भरून निघत नाही. म्हणून चमचा तिरपा केला असता ओघळून जाणार नाही इतके घट्ट अन्न बालकास हवे. गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीचे घट्ट वरण, त्यावर तुपाचा थेंब, कुस्करलेले केळे, अंडे, काटा नीट काढलेली मासळी, हे सारे सहा महिन्यांनंतर क्रमाक्रमाने देता येते. यांतील एकही जिन्नस आपल्या घरास परका नाही. खारजमिनीतला लाल राता तांदूळ आणि खाडीची मासळी यांवर आपल्या पिढ्या पोसल्या. उणीव होती ती मोठ्यांच्या ताटातले अन्न मऊ करून लहानाच्या वाटीत घालण्याची.

निवळीचे युग सरते न सरते तोच डब्याचे युग आले. युरोपात जर्मन रसायनज्ञ लीबिग आणि स्वित्झर्लंडमधील हेन्री नेस्ले यांनी १८६० च्या दशकातच बालकांसाठी तयार अन्न विकावयास काढले होते. आपल्याकडे ते प्रथम साहेबांच्या आणि श्रीमंतांच्या घरी आले. गुबगुबीत मुलास 'ग्लॅक्सो बेबी' म्हणण्याची चाल याच काळातील. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न करण्याची रीत शोधली, अमूलने ते बाजारात आणले, आणि डबा मध्यमवर्गीयांच्या फळीवर येऊन बसला. १९६० च्या दशकात वागळे औद्योगिक वसाहत उभी राहिली. शेत सोडून आपली माणसे पाळीवर जाऊ लागली, हाती रोख पगार आला, आणि डबा आपल्याही घरी शिरला. डबा महाग म्हणून भुकटी थोडी व पाणी फार, बाटली नीट उकळलेली नाही, अशी गत झाली. पूर्वी निवळ पाजीत होतो, तीच आता बाटलीतून पाजू लागलो. या व्यापारास आळा घालण्यासाठी जागतिक आरोग्य परिषदेने १९८१ मध्ये आचारसंहिता केली, आपल्या देशाने १९९२ मध्ये कायदा केला, आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या अशा अन्नाच्या जाहिरातीस बंदी घातली.

या साऱ्यावर उपाय शोधणारी माणसे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात होती, ही अभिमानाची गोष्ट आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर काम नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे अंगणवाडी जन्मली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तोच शब्द देशभर गेला. त्याच दशकात डहाणू तालुक्यातील कासा येथे डॉ. पी. एम. शहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. बालकांचे वजन नियमित नोंदावे आणि खंगलेल्या मुलास घरातल्याच अन्नाने सावरावे, हे काम त्या स्त्रियांनी करून दाखविले. तरीही १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके मोठ्या संख्येने दगावली. ज्ञान एका तालुक्यात असले म्हणून शेजारच्या तालुक्यातील झोपडीत ते आपोआप पोहोचत नाही, आणि जेथे घरात दाणाच नाही तेथे केवळ ज्ञानाने पोट भरत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकास अंगणवाडीतून घरी नेण्याच्या आहाराचा हक्क दिला, त्यामागे अशा कित्येक अंगणांचे दुःख आहे.

आता माजिवड्यात पाहावे तर १ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाल्यापासून गावाचे शहर झाले आहे. घोडबंदर रस्ता आणि आग्रा महामार्ग यांच्या तिठ्यावर रात्रंदिवस गाड्या धावतात, शेतांवर मनोरे उभे आहेत. उष्टावण सभागृहात होते, छायाचित्रकार येतो, मामा चांदीची वाटीच नव्हे तर पूर्ण ताट आणतो. पण त्यानंतर काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी केवळ ११ टक्क्यांच्या आसपास बालकांना पुरेसा आहार मिळतो असे आढळले. हे केवळ गरिबांचे चित्र असते तर आकडा इतका लहान नसता. आपल्याही घरांत बिस्किट चहात बुडवून बाळास भरविताना आणि पडद्यावरची चित्रे दाखवून घास कोंबताना आम्ही पाहतो.

म्हणून ज्ञातिभगिनींस व विशेषतः आजीबाईंस आमची नम्र विनंती आहे. उष्टावण थाटाने करा, परंतु सहा महिने पूर्ण झाल्यावर करा. त्या दिवसापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे अठरा महिने हा एकच लांब संस्कार समजा. प्रथम दिवसातून दोन-तीन वेळा आणि नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा घट्ट अन्न द्या, मधल्या वेळी एखादे फळ द्या आणि अंगावरचे दूध दोन वर्षे व त्यापुढेही चालू ठेवा. मोड आणून वाळविलेल्या नाचणीचे पीठ करून ठेवा. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि मोड आणल्याने तिची खीर पातळ न करताही मऊ होते. एक वर्षापर्यंत मीठ-साखर टाळा. मध तर मुळीच चाटवू नका, कारण त्यातील जंतूंमुळे तान्ह्या बालकास प्राणघातक विषबाधा होऊ शकते. या एका बाबतीत जुनी रीत सोडलीच पाहिजे. मूल आजारी पडले म्हणजे अन्न तोडू नका, थोडे थोडे पण अधिक वेळा द्या.

आणि मामांसाठी एक सूचना. वाटी द्यावयाचीच तर चांदीची द्या, पण महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बहिणीच्या घरी जाऊन ती वाटी कशाने भरते हे डोळ्यांनी पाहून या. आमच्या बहिणीची वाटी अजून आमच्या कपाटात आहे. तिच्यात खीर एकदाच वाढली गेली. आपल्या समाजातील कोणत्याही घरी अशी वाटी यापुढे जपून ठेवावी लागू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.