आकड्यांची भावकी

पहिले बाजीराव हयात असेपर्यंत नुसते बाजीराव होते. पुढे नातवानेही तेच नाव घेऊन पेशवाईची वस्त्रे घेतली, तेव्हा आजोबा ‘थोरले’ झाले. संगणकांच्या एका घराण्यातही असेच घडले. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने, म्हणजे डेकने, १९६५ साली पीडीपी-८ बाजारात आणला. तो तेव्हा फक्त पीडीपी-८ होता. मग ८/एस, ८/आय, ८/एल असे धाकटे येत गेले आणि पहिल्याला ‘स्ट्रेट एट’, म्हणजे नुसता आठ, म्हणायची पाळी आली. त्याच्या स्वतःच्या पाटीवर हे नाव कधीच नव्हते.

मुळात ‘पीडीपी’ हे नावच सोंग आहे. केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन यांनी १९५७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावी, लोकरीच्या एका जुन्या गिरणीत कंपनी थाटली. भांडवल देणाऱ्यांची अट अशी, की ‘कॉम्प्युटर’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. त्या धंद्यात तेव्हा पैसा बुडतो अशी समजूत होती. म्हणून आधी नुसती इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल विकली. पुढे संगणक बनवलाच, तेव्हा त्याचे नाव पडले ‘प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर’, पीडीपी-१. किंमत १,२०,००० डॉलर. मोठ्या यंत्रांच्या मानाने ती स्वस्तच होती.

त्यानंतर क्रमांक लागत गेले ते जन्मक्रमाने, आणि घोटाळा इथेच सुरू झाला. २ बनलाच नाही. ३ चा आराखडा झाला, पण कंपनीने तो बांधला नाही. १३ यादीतच नाही. जे बनले त्यांचेही शेजारचे आकडे सख्खे भाऊ नव्हेत. यंत्र एका वेळी किती बिटांचा शब्द हाताळते, त्यावर त्याचे कूळ ठरते. १, ४, ७, ९ आणि १५ ही १८ बिटांची शाखा. ५, ८ आणि १२ ही १२ बिटांची. ६ आणि १० ही ३६ बिटांची दांडगी माणसे. ११ हा १६ बिटांचा, आणि त्याने स्वतःचाच वेगळा वंश चालवला. म्हणजे ७ ला ९ सख्खा आणि मधला ८ परका. बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसनने युनिक्सचा पहिला अवतार पीडीपी-७ वर लिहिला, पण तो ११ वर न्यायचा तर सगळे नव्याने लिहावे लागले, ते याच कारणाने.

आठाच्या घरात अक्षरे तरी काही बोलतात. ‘एस’ म्हणजे सीरियल: हा गडी बाराच्या बारा बिट एकदम न घेता एकामागून एक घेई. त्यामुळे किंमत दहा हजार डॉलरच्या खाली आली आणि साध्या बेरजेला थोरल्या आठाच्या बारापट वेळ लागू लागला. ‘आय’ इंटिग्रेटेड सर्किटचा, ‘एल’ स्वस्तातला. १९७० च्या ८/ई मध्ये रचनाच बदलली. सगळी कार्डे ‘ऑम्निबस’ नावाच्या एकाच मार्गावर बसू लागली. पुढचे ८/एफ आणि ८/एम हे त्याचेच आखूड अवतार. पाटी हरवली असेल तर यंत्रालाच विचारता येते. ७००२ ही आज्ञा द्यायची. ८/ई असेल तर तो हातातल्या बारा बिटांचे दोन सहा-सहाचे तुकडे आपसांत बदलतो. थोरला आठ तसे करत नाही. माझ्या मते पाटीपेक्षा ही साक्ष जास्त खरी, कारण पाटी कुणीही बदलून लावू शकतो.

अकराच्या घरात मात्र विक्री खात्याने कारभार हाती घेतला. ११/०५ आणि ११/१० ही एकच यंत्रे, ११/३५ आणि ११/४० तशीच. आपल्या उपकरणात बसवून पुढे विकणाऱ्या कारखान्यांना लहान आकडा, थेट वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला मोठा. आकड्यावरून वयही कळत नाही: १९७० च्या ११/२० नंतर पाच वर्षांनी ११/०३ आला, आणि त्याच साली घराण्यातला भारदस्त ११/७० सुद्धा. एक खूण तेवढी बरी सापडते. शेवटचा आकडा ३ असेल तर आत क्यू-बस, ४ असेल तर जुनी युनिबस. ११/२३ आणि ११/२४ यांचा मेंदू एक, फक्त बस वेगळी. ११/८३ आणि ११/८४ यांचेही तेच.

सगळ्यात गमतीची जोडी ११/७३ आणि ११/८३ ची. दोघांत प्रोसेसरचे कार्ड एकाच जातीचे असू शकते. खास जलद मेमरीचे कार्ड प्रोसेसरच्या आधीच्या खाचेत बसवले तर दोघांचा आपसांतला जलद रस्ता खुला होतो आणि यंत्र ८३ सारखे पळते. तेच कार्ड प्रोसेसरनंतरच्या खाचेत गेले, तर ते साधी क्यू-बस मेमरी होऊन राहते. पंगतीत कोण आधी बसला, यावर आडनाव ठरावे तसे.

ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात घडलेल्या भारतीय मिनिकॉम्प्युटरने ही भानगड टाळली. त्याचे नाव ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, टीडीसी-१२, साल १९६९. त्यातला १२ हा जन्मक्रम नव्हे, शब्दातले बिट. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने पुढे टीडीसी-३१२ आणि ३१६ काढले, त्यांतही शेवटचे दोन आकडे बिटांचेच राहिले.