परराज्यात स्थलांतर आणि मोटारीचा विमा

शिक्षण, नोकरी अथवा बदली यांच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबे गोवा, कर्नाटक, गुजरात, तामिळनाडू अशा राज्यांत वास्तव्यास जातात. घरसामानाबरोबर मोटारही जाते आणि मग प्रश्न उभा राहतो : राज्य बदलले की मोटारीच्या विम्याचा हप्ता वाढतो काय? याचे थोडक्यात उत्तर असे की, भारतात केवळ राज्याची सीमा ओलांडल्याने हप्त्यात फारसा फरक पडत नाही. मात्र मोटारीची नोंदणी आणि पॉलिसीवरील माहिती वेळेवर बदलून घेतली नाही, तर अपघात वा चोरीच्या प्रसंगी संपूर्ण दावाच अडचणीत येऊ शकतो. या विषयाची आवश्यक माहिती वाचकांच्या सोयीसाठी येथे एकत्र देत आहोत.

विम्याचे दोन भाग

मोटार विम्याच्या हप्त्यात मुख्यतः दोन रकमा असतात. पहिली थर्ड पार्टी विम्याची. आपल्या मोटारीमुळे दुसऱ्या व्यक्तीला इजा झाली, मृत्यू आला अथवा तिच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई या भागातून होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये हा विमा सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० रुपये आणि त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी ४,००० रुपये दंड होऊ शकतो. कायद्यात कारावासाचीही तरतूद आहे.

थर्ड पार्टी विम्याचे दर शासन ठरविते आणि ते सर्व राज्यांत सारखे असतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाच्या मोटारीला ७,८९७ रुपये असा हप्ता ठरविण्यात आला. यावर वस्तू व सेवा कर वेगळा. मोटार वसईत असो वा मंगळुरूत, या रकमेत राज्यानुसार बदल होत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्या मुदतीत कुटुंबाने राज्य बदलले, तरी त्यासाठी पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा. अपघात, आग, चोरी, पूर अशा आपत्तींत आपल्या मोटारीचे जे नुकसान होते, त्याची भरपाई या भागातून मिळते. तो ऐच्छिक असून त्याचा दर ठरविण्याचे स्वातंत्र्य १ जानेवारी २००७ पासून विमा कंपन्यांना देण्यात आले. स्थलांतरामुळे काही फरक पडलाच, तर तो याच भागात पडतो.

क्षेत्र 'अ' आणि क्षेत्र 'ब'

सन २००२ च्या मोटार विमा दरपत्रकाने खासगी मोटारींसाठी देशाचे दोन क्षेत्रांत विभाजन केले. अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरे क्षेत्र 'अ' मध्ये येतात. उर्वरित भारत क्षेत्र 'ब' मध्ये येतो. दरपत्रकाची सक्ती संपली असली, तरी ही विभागणी आजही आकारणीचा पाया म्हणून वापरली जाते. म्हणजे येथे राज्यापेक्षा शहराला महत्त्व आहे. पुण्याहून बेंगळुरूला नेलेल्या मोटारीचे राज्य बदलते, पण क्षेत्र तेच राहते. उलट पुण्याहून रत्नागिरीला गेलेल्या कुटुंबाने राज्य सोडलेले नसूनही, मोटारीची नोंदणी तेथे हलविल्यास क्षेत्र बदलते.

क्षेत्र ठरते ते मोटारीची नोंदणी ज्या परिवहन कार्यालयात झाली आहे त्यावरून. केवळ घर बदलल्याने क्षेत्र बदलत नाही. नवा नोंदणी क्रमांक मिळाला की मगच तो प्रश्न येतो.

हा फरक किती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पाच वर्षांहून कमी वयाची, १,००० ते १,५०० सीसी इंजिनाची मोटार घेऊ. तिचे विमित मूल्य, म्हणजे आयडीव्ही, ५ लाख रुपये आहे असे धरू. जुन्या दरपत्रकातील मूळ दर क्षेत्र 'अ' साठी ३.२८३ टक्के, तर क्षेत्र 'ब' साठी ३.१९१ टक्के होता. त्यानुसार हप्ता अनुक्रमे १६,४१५ आणि १५,९५५ रुपये होतो. फरक अवघा ४६० रुपयांचा. आज कंपन्या मूळ दरावर वेगवेगळी सूट देतात आणि ती देताना मोटारीचे मॉडेल, वय व त्या शहरातील दाव्यांचा अनुभवही विचारात घेतात. म्हणून प्रत्यक्ष रक्कम कंपनीनुसार कमीअधिक होईल. नूतनीकरणापूर्वी दोनतीन कंपन्यांचे दर मागवून पाहणे हिताचे ठरते.

बारा महिन्यांची मर्यादा

एका राज्यात नोंदलेली मोटार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर कलम ४७ नुसार तेथील नोंदणी क्रमांकासाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी आधी मूळ परिवहन कार्यालयाकडून कलम ४८ खालील ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. मोटार कर्जावर असल्यास बँकेची किंवा वित्तसंस्थेची लेखी संमती आवश्यक असते. निवासाचा पत्ता बदलल्यास ती माहिती कलम ४९ नुसार तीस दिवसांच्या आत द्यावयाची असते.

या प्रक्रियेतील मोठा खर्च रस्ता कराचा असतो. हा कर राज्याचा विषय असल्याने नव्या राज्यात तेथील नियमाप्रमाणे, मोटारीचे वय विचारात घेऊन, कर भरावा लागतो. जुन्या राज्यात एकरकमी भरलेल्या करापैकी उरलेल्या काळाच्या रकमेसाठी परताव्याचा अर्ज करता येतो. तो नव्या नोंदणीनंतर करावयाचा असल्यामुळे मूळ कर पावती जपून ठेवावी. स्थलांतराचे अंदाजपत्रक करताना विम्याच्या काहीशे रुपयांपेक्षा या कराकडे अधिक लक्ष द्यावे.

ज्यांच्या वारंवार बदल्या होतात, त्यांच्यासाठी १५ सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका, म्हणजे 'भारत' क्रमांक, सुरू करण्यात आली. संरक्षण दलातील व्यक्ती, केंद्र व राज्य शासनाचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, तसेच चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी त्यासाठी पात्र आहेत. अशा मोटारीला राज्य बदलल्यावर नवा क्रमांक घ्यावा लागत नाही आणि करही दोन वर्षांच्या टप्प्यांनी भरता येतो.

विमा कंपनीला कळविणे

मोटार विम्याची पॉलिसी भारतभर ग्राह्य असते. महाराष्ट्रात घेतलेली पॉलिसी केरळमधील अपघातालाही लागू होते. त्यामुळे राज्य बदलताच नवी पॉलिसी घेण्याची गरज नाही. तथापि नवा पत्ता आणि पुढे मिळालेला नवा नोंदणी क्रमांक कंपनीला कळवून पॉलिसीवर त्याची नोंद करून घेतली पाहिजे. या नोंदीला एन्डोर्समेंट म्हणतात. क्षेत्र बदलल्यास उरलेल्या मुदतीपुरता फरक कंपनी मागू शकते अथवा परत करू शकते. पॉलिसीवर जुना क्रमांक आणि मोटारीवर नवा, अशी विसंगती राहिली तर दाव्याच्या वेळी तपासणी लांबते आणि वाद उद्भवतो.

नोंदणीच्या बाबतीत हयगय किती महाग पडू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ३० सप्टेंबर २०२१ च्या एका निकालावरून दिसते. राजस्थानातील एका रहिवाशाने नव्या गाडीचा विमा पंजाबमध्ये उतरविला होता. गाडीची तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ रोजी संपली. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, कामानिमित्त जोधपूरला नेलेली ती गाडी चोरीस गेली. विमा चालू होता, हप्ता भरलेला होता. पण वैध नोंदणी नव्हती. हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे ठरवून न्यायालयाने विमा कंपनीची बाजू मान्य केली. एका राज्यात मोटार विकत घेऊन दुसऱ्या राज्यात कायमची नोंदणी करणाऱ्यांनी तात्पुरत्या नोंदणीची अंतिम तारीख ठळकपणे लिहून ठेवावी.

नो क्लेम बोनस

दावा न केलेल्या प्रत्येक वर्षानंतर ओन डॅमेजच्या हप्त्यात सवलत मिळते. ती अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के असते. ही सवलत मोटारीला नसून मालकाला असते. त्यामुळे राज्य, क्रमांक वा विमा कंपनी बदलली तरी ती टिकते. मात्र पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर ती नाहीशी होते. वरील उदाहरणात क्षेत्राचा फरक ४६० रुपयांचा होता. ५० टक्के बोनस गमावला तर सुमारे आठ हजार रुपये जातात. स्थलांतराच्या धावपळीत नूतनीकरणाची तारीख चुकणे सर्वाधिक नुकसानीचे आहे.

मोटार विकून जाणार असाल तर

काही कुटुंबे जुनी मोटार येथेच विकून नव्या गावी दुसरी घेतात. अशा वेळी कंपनीकडून नो क्लेम बोनसचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या मोटारीसाठी ते वापरता येते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंदणी पुस्तकावरील नाव बदलणे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मोटार दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली असली, तरी परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक ठरतो. पुढे अपघात झाल्यास भरपाईचे दायित्वही त्याच्यावर येऊ शकते. ओळखीच्या माणसाला चावी देऊन परगावी निघून जाणे म्हणूनच धोक्याचे आहे. घेणाऱ्यानेही चौदा दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी.

नव्या जागेचे नवे धोके

स्थलांतरानंतर हप्त्याइतकाच संरक्षणाचाही विचार करावा. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या भागात राहावयास जात असाल, तर इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेणे योग्य ठरते. पुराने झालेले नुकसान ओन डॅमेजमध्ये येते. परंतु पाण्यात अडकलेली मोटार सुरू करण्याचा प्रयत्न केल्यामुळे इंजिन बिघडले, तर हे कलम नसल्यास कंपन्या भरपाई नाकारतात.

क्रमाने करावयाच्या गोष्टी

१. निघण्यापूर्वी पॉलिसीची मुदत पाहावी. महिन्याभरात संपत असल्यास आधीच नूतनीकरण करावे.

२. नोंदणी पुस्तक, कर पावती, पॉलिसी आणि कर्जाची कागदपत्रे सामानात न बांधता स्वतःजवळ ठेवावीत.

३. नव्या गावी पोहोचताच पत्त्यातील बदल विमा कंपनीला लेखी कळवावा व पोच घ्यावी.

४. मुक्काम बारा महिन्यांहून अधिक असणार हे निश्चित असल्यास ना हरकत प्रमाणपत्रासाठी लवकर अर्ज करावा.

५. नवा क्रमांक मिळताच पॉलिसीवर एन्डोर्समेंट करून घ्यावे आणि फास्टॅगही त्या क्रमांकाशी जोडून घ्यावा.

कंपनीने दावा अन्यायाने नाकारला, तर प्रथम तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. आपण सध्या जेथे राहतो तेथील लोकपालाकडेही ही तक्रार करता येते. त्यासाठी मूळ गावी परतण्याची आवश्यकता नाही.

थर्ड पार्टी विम्याचा अखेरचा लाभार्थी रस्त्यावरील अनोळखी माणूस असतो. आपल्या मोटारीमुळे एखाद्या घरातील मिळवता हात गेला, तर त्या कुटुंबाला वेळेवर भरपाई मिळणे हे आपली कागदपत्रे बिनचूक असण्यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. परराज्यात गेल्यावर हे एक काम पुढच्या महिन्यावर ढकलू नये, एवढीच वाचकांना विनंती.