आकडा, कोंबडा आणि मर्दानगी

गेल्या वर्षी बकरी ईदनंतरच्या एका रविवारी माझा जुना विद्यार्थी घरी आला. वय चोवीस, पुण्यात रात्रपाळीची नोकरी, दोन महिन्यांवर निकाह. चहा थंड झाला तरी तो बोलेना. शेवटी खिशातून दोन कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवले. ‘सर, अब्बांना सांगू नका.’

दोन्ही कागद टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीचे होते. पहिल्यावर २४०, तीन आठवड्यांनंतरच्या दुसऱ्यावर १४.२. थकवा जात नाही म्हणून जिममधल्या कुणीतरी त्याला ही तपासणी करायला लावली होती, आणि आता तोच इंजेक्शनचा कोर्स घे म्हणत होता. पोराने आपला हिशेब केला होता, २४० वरून १४ वर आलो, संपलो. ‘मुलीकडच्यांना नकार कळवू का, सर?’

मी भाषेचा शिक्षक, डॉक्टर नाही. पण बारीक अक्षरं वाचायची सवय आहे. पहिल्या कागदावर नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर लिहिलं होतं, दुसऱ्यावर नॅनोमोल प्रति लिटर. नॅनोमोलच्या आकड्याला २८.८ ने गुणलं की नॅनोग्रॅमचा आकडा मिळतो. १४.२ म्हणजे साधारण ४०९. म्हणजे दुसरा आकडा पहिल्याहून जास्त होता! पोराच्या चेहऱ्यावर रंग आला, पण लगेच त्याने विचारलं, ‘मग २४० खरं की ४०९?’

या प्रश्नाच्या मागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगनमध्ये आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी कोंबड्यांवर प्रयोग केला. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, तो आरवत नाही, भांडत नाही, हे खेड्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. बेर्टोल्ड यांनी काढलेलं वृषण काही कोंबड्यांच्या पोटात पुन्हा ठेवलं. ते कोंबडे पूर्वीसारखेच आरवले. नसांचा जुना संबंध तुटलेला होता, म्हणजे काहीतरी रक्तावाटे पोहोचत होतं. पुढे १८८९ मध्ये पॅरिसमध्ये बहात्तर वर्षांच्या ब्राऊन-सेकार या नामांकित शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचं जाहीर केलं. त्या अर्कात परिणाम होण्याइतका हार्मोन नव्हताच, तो निव्वळ मनाचा खेळ होता. तरीही असे अर्क विकणाऱ्यांची चांदी झाली. भिंतीवरच्या ‘खोई हुई ताकत’च्या जाहिराती ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही.

हा पदार्थ शरीरात इतका कमी असतो की तो हाती लागायलाच १९३५ साल उजाडलं. ॲमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने सुमारे १०० किलो बैलांच्या वृषणांमधून जेमतेम १० मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ काढला आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी तो प्रयोगशाळेत बनवला. त्यासारख्या कामांसाठी दोघांना १९३९ चं नोबेल जाहीर झालं. त्या काळी मोजमाप कसं होई? अर्क खच्ची कोंबड्याला टोचायचा आणि तुरा किती वाढला ते पट्टीने मोजायचं.

रक्ताच्या थेंबांतून हार्मोन मोजण्याची वाट न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाअखेर इन्सुलिनवर काम करताना शोधली. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं, बर्सन त्याआधीच गेले होते. या पद्धतीत अँटिबॉडी हार्मोनला पकडते आणि त्यावरून प्रमाण काढतात. मात्र अँटिबॉडी कधी हार्मोनसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या पदार्थालाही पकडते. त्यामुळे एकाच रक्ताचा आकडा दोन कंपन्यांच्या किटवर वेगळा येऊ शकतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांनीही काही किट फसतात. आज मास स्पेक्ट्रोमेट्री ही जास्त भरवशाची पद्धत आहे, पण ती महाग. २०१७ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या नऊ हजारांहून अधिक पुरुषांचे आकडे एका मापावर आणले गेले, तेव्हा १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या निरोगी पुरुषांसाठी २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम ही मर्यादा निघाली.

यंत्र अचूक असलं तरी शरीर एका जागी थांबत नाही. तरुण माणसाचं टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दुपारपर्यंत बरंच उतरतं. जेवण, अपुरी झोप, नुकतंच झालेलं आजारपण यांनीही ते खाली येतं. मी विचारलं, ‘पहिलं रक्त कधी दिलंस?’ दुपारी चार वाजता, रात्रपाळी करून, पोटभर जेवून. आठवड्यापूर्वीच ताप येऊन गेलेला. दुसरं? सुट्टीत गावी आल्यावर, नीट झोपून, सकाळी आठला, उपाशीपोटी.

म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या वेळेपुरते खरे असू शकतात. म्हणूनच डॉक्टर एका कागदावर निर्णय देत नाहीत. लक्षणं असतील तर वेगवेगळ्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी, दोनदा तपासतात. शिवाय बहुतेक टेस्टोस्टेरॉन रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं, मोकळं असतं ते साधारण दोन टक्के. गरज पडली तर तेही पाहतात.

इंजेक्शनबद्दल मात्र मी त्याला शांतपणे नाही सांगू शकलो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना दिलेला हुकूम मागे घेतो. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर आठवड्याला हेच इंजेक्शन पुरुषांना गर्भनिरोधक म्हणून दिलं होतं, आणि निम्म्याहून जास्त जणांचे शुक्राणू शून्यावर आले. बंद केल्यावर ते परत आले, पण त्याला महिने लागले. निकाहच्या तोंडावर ‘ताकत’ म्हणून हेच टोचून घ्यायला पोरगा निघाला होता.

मी त्याला हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिसरी तपासणी सकाळची झाली, आकडा ३८५. डॉक्टर म्हणाले, झोप सुधार. त्याने कंपनीत पाळी बदलून मागितली.

निकाहला मी गेलो होतो. खजूर वाटताना तो माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, ‘सर, अब्बांना आता सांगितलं. ते म्हणाले, वेड्या, आधी का नाही बोललास?’

हा प्रश्न मी वर्गातल्या मोठ्या मुलांसमोर ठेवायचं ठरवलं आहे.