खूनी मुर्गा ते दशावतार

तुम्ही अंबरनाथ-बदलापूरला राहत असाल तर मुंबईतल्या रॉकचा इतिहास तुम्हाला लोकलच्या भाषेत सांगावा लागतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ साठ किलोमीटर, बदलापूर अडुसष्ट. शो संपायच्या आधी घड्याळाकडे बघणारी डोकी ओळखून घ्यायची, ती आपल्याच बाजूची. त्यांना एन्कोर ऐकायचा असतो आणि शेवटची कर्जतही पकडायची असते.

पूर्वी हे जरा सोपं होतं. १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव धोबी तलावच्या रंगभवनात व्हायचा. स्टेशनवरून चालत जाता यायचं. उघडं नाट्यगृह, स्वस्त तिकीट, काळ्या टी-शर्टांची गर्दी. जवळच रुग्णालय आणि कॉलेज असल्यामुळे पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांत रंगभवनाचा आवाज बंद झाला. रुग्णाला झोप हवी, हे कबूलच. पण त्या जागेच्या बदल्यात शहराने दुसरी तशी जागा दिली नाही. मग रॉक पबमध्ये, कॉलेज फेस्टिव्हलमध्ये आणि उपनगरांतल्या हॉलमध्ये विखुरला.

नेमक्या याच काळात, २००० साली, साहिल मखिजा या मुंबईच्या पोराने डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड काढला. स्वतःला तो डेमनस्टीलर म्हणवतो. त्याच नावाचा पहिला अल्बम त्याच वर्षी आला. गुरगुरता आवाज, मध्येच स्वच्छ गाणं, आणि मागे सिनेमातल्यासारखे पसरलेले कीबोर्ड. डेथ मेटलमध्ये कीबोर्ड म्हणजे मिसळीत साखर, असं म्हणणारे कट्टर लोक तेव्हा होते, आजही आहेत. मला तरी ती साखर आवडते.

त्याआधीच्या पिढीचं दुखणं वेगळं होतं. लोकांना परदेशी गाण्यांच्या नकला हव्या असायच्या. रॉक मशीन (पुढे इंडस क्रीड) १९८८ मध्ये स्वतःची गाणी घेऊन अल्बम काढतो, हीच बातमी होती. नकलेची गंमत आमच्या उल्हासनगरला कोणी शिकवायची गरज नाही. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. फाळणीनंतर लष्करी छावणीत आणून ठेवलेल्या माणसांनी हाताला येईल त्या वस्तूची हुबेहूब जोडी बनवत संसार उभे केले. कॅसेटवरून कॅसेट भरून घेणं हा त्याच बाजाराचा धाकटा भाऊ. आमच्यापर्यंत मेटल असंच पोचलं, तिसऱ्या-चौथ्या प्रतीत, खरखरीसकट.

साहिलच्या पिढीने मात्र नकलेऐवजी यंत्रणाच हातात घेतली. घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण, स्वतःचं लेबल डेमनस्टीलर रेकॉर्ड्स, स्वतःच भरवलेला रिझरेक्शन फेस्टिव्हल. कोणी विचारत नाही म्हटल्यावर दुकानच आपलं काढायचं. २००५ मध्ये 'अ डार्कनेस डिसेंड्स', २०१० मध्ये 'द रिटर्न टू डार्कनेस', जो ब्रिटनच्या कँडललाइट लेबलने जगभर नेला. त्याच वर्षी लंडनच्या मेटल हॅमर मासिकाचा 'ग्लोबल मेटल' पुरस्कार. २०१४ मध्ये जर्मनीतलं वाकन. बदलापूर लोकलच्या दारात उभं राहून हे ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

पण मला खरं बोलायचंय ते या माणसाच्या टवाळखोर उद्योगांबद्दल. वर्कशॉप नावाचा त्याचा दुसरा बँड सरळ सरळ चावटपणा करायचा. २००९ मधल्या त्यांच्या अल्बमचं नाव 'खूनी मुर्गा'. गंभीर बँडमध्ये अंधार, राक्षस, सिंहासनं, इथे कोंबडा. शिवाय हेडबँगर्स किचन हा कार्यक्रम, ज्यात मेटल बँडवाल्यांशी गप्पा आणि शेजारी कढईत काहीतरी शिजतंय. पुढे तो कीटो पाककृतींकडे वळला आणि गंमत म्हणजे जगातल्या कित्येक लोकांना साहिल फक्त स्वयंपाकी म्हणूनच ठाऊक आहे.

शेजारच्या स्क्राइब या बँडने तर गंभीर आणि चावट अशी दोन दुकानंच ठेवली नाहीत. कानठळ्या बसवणारं हार्डकोर, आणि गाण्याचं नाव 'आय लव्ह यू पावभाजी'. अल्बम 'मार्क ऑफ तेजा' (२०१०), 'हेल मोगॅम्बो' (२०१४). 'अंदाज अपना अपना' पाठ असलेल्या कोणालाही पहिलं नाव वाचून हसू आवरत नाही.

जाणकार या उद्योगांना फावल्या वेळचा खेळ म्हणतात. माझं मत उलट आहे. मुंबईच्या मेटलने गंभीर व्हायचं म्हटलं की तो इंग्रजीत जायचा, नॉर्वेच्या जंगलात जायचा. आपला मुर्गा, आपली पावभाजी, आपला सिनेमा आत शिरला तो विनोदाच्या दारातून. थट्टेत चुकायची भीती नसते. 'आपल्या भाषेतलं हे मेटलमध्ये शोभेल का' हा प्रश्न विचारायच्या आत गाणं होऊन जातं.

म्हणून २०१७ मधला 'दशावतार' मला त्या कोंबड्याशी जोडलेला दिसतो. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी, भारतीय वाद्यांचे सूर, आणि शब्द अजून इंग्रजीच. सिंधुदुर्गातल्या आमच्या नातेवाइकांना दशावतार म्हणजे रात्रभर चालणारा, पेटी-मृदंगावरचा खेळ. त्यातही देवादिकांच्या भांडणात संकासुर येऊन चावटपणा करतोच. एका मामांना मी 'नरसिंह' ऐकवलं. पूर्ण ऐकून ते म्हणाले, "ह्याच्यात संकासुर खंय?"

मी त्यांना 'खूनी मुर्गा' लावून दिला.