यजमानपणाचा मान आणि मैदानांचे मोल

साहित्य संमेलन आपल्या गावी भरावे म्हणून गावोगावच्या संस्था किती खटपट करतात, हे मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. कुस्तीच्या फडाचेही तेच. १९६१ साली औरंगाबादेस महाराष्ट्र केसरीची पहिली लढत झाली, तेव्हापासून हा मान आपल्या जिल्ह्याकडे यावा अशी चुरस चालत आली आहे. मांडव घालणारास खर्च पडतो, शिवाय रुसवेफुगवे सोसावे लागतात. तरी मांडव घालण्याची हौस काही कमी होत नाही. हैदराबाद या बाबतीत कोणत्याही मराठी शहराच्या मागे नाही. १९३१ साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरविणारे हे शहर खेळांच्या यजमानपणातही तितकेच हौशी निघाले. पण त्या हौसेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न इतिहासकाराने विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर शोधू लागलो की वाट विद्यापीठाच्या आवारात जाऊन पोहोचते.

आरंभ मात्र दरबारी थाटाचा होता. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाच्या फौजेचा तळ जेथे होता ते पटांगण फत्तेमैदान म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे त्याच जागेवर क्रीडागार उभे राहिले आणि १९६७ मध्ये त्याला लालबहादुर शास्त्रींचे नाव मिळाले. विजयाच्या छावणीचे खेळाचे मैदान व्हावे, हा योग मोठा बोलका आहे. पायगा घराण्यातील नवाब मोईनुद्दौला यांनी १९३०-३१ च्या हंगामात आपल्या नावाचा सुवर्णचषक ठेवून क्रिकेटची स्पर्धा सुरू केली. त्याच हंगामात विजयनगरमच्या महाराजकुमारांनी हॉब्ज आणि सटक्लिफ या इंग्रज जोडीला हिंदुस्थानात आणविले होते. यजमान म्हणजे धनी, आणि पाहुणा खेळाडू म्हणजे त्याच्या वैभवाचा अलंकार, असा तो काळ. शहराशहरांत स्पर्धा नव्हती. स्पर्धा होती ती संस्थानिकांच्या औदार्यात.

विद्यापीठांचे खेळ याहून निराळ्या मुशीत घडले. मुंबईच्या एका पारशी पित्याने पुत्राच्या नावे दिलेल्या रोहिंटन बारिया करंडकासाठी १९३५-३६ पासून आंतरविद्यापीठ क्रिकेट सुरू झाले आणि पहिला मान लाहोरच्या पंजाब विद्यापीठाने पटकावला. पुढील अनेक वर्षे मुंबई विद्यापीठाने या करंडकावर जणू वतनच मिळविले. १९२५ मध्ये स्थापन झालेले आंतरविद्यापीठ मंडळ, १९७३ पासून ज्याला भारतीय विद्यापीठ संघ म्हणतात, ते या स्पर्धांचे नियंते झाले. विभागवार सामने व्हावेत आणि विजेते एकत्र येऊन अखेरचा निकाल लागावा, ही पद्धत. यजमान असे ते विद्यापीठ. वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या करून पाहुण्या संघांची सोय लावायची आणि खानावळीत चार पंगती जास्त उठवायच्या, हे यजमानपणाचे स्वरूप होते. त्यात वैभव नव्हते, पण घरोबा होता.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे. मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला तर ते आपलेच विद्यापीठ, कारण औरंगाबादचे महाविद्यालय त्यालाच जोडलेले होते आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत परभणी-नांदेडकडच्या तरुणाची वाट हैदराबादेकडे जात असे. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत याच विद्यार्थ्यांवर विद्यापीठ सोडण्याची पाळी आली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. यजमानपणाचा हाही एक प्रकार. पदकतालिकेत त्याची नोंद नसते, एवढेच.

आता जरा दूर पाहू. अमेरिकेत महाविद्यालयांच्या अंतिम सामन्यांचे यजमानपद मिळविणे हा नगरपालिकांचा व्यवसायच झाला आहे. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटना अनेक वर्षे आधी शहरांकडून प्रस्ताव मागविते आणि शहरे क्रीडागारे, हॉटेले, प्रवासाच्या सोयी यांची यादी घेऊन तिच्या दारी उभी राहतात. खुद्द त्या संघटनेची कचेरीही १९९९ मध्ये कॅन्सस राज्यातून इंडियानापोलिसला गेली. नेब्रास्कातील ओमाहा हे तर नमुनेदार उदाहरण. महाविद्यालयीन बेसबॉलची अंतिम स्पर्धा १९५० पासून तेथेच होते. ती दुसरीकडे जाऊ नये म्हणून ओमाहाने नवे क्रीडागार बांधले, ते २०११ मध्ये उघडले, आणि त्या बदल्यात २०३५ पर्यंतचा करार पदरात पाडून घेतला. साठ वर्षे सामने पाहिलेले जुने क्रीडागार पाडले गेले व ती जागा शेजारच्या प्राणिसंग्रहालयाकडे गेली. व्यवहार रोखठोक खरा, परंतु त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे: शहर खर्च करते आणि महाविद्यालयांचे खेळाडू येऊन खेळतात.

आपल्याकडे हे चक्र उलटे फिरले. यजमानपदाची खरी चढाओढ विद्यापीठांच्या स्पर्धांसाठी झालीच नाही. ती झाली राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी, आणि ती राज्य सरकारांनी केली. १९९४ मध्ये पुण्याने बालेवाडी येथे शिवछत्रपती क्रीडानगरी उभारून नवा पायंडा पाडला. पुढे २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तेथेच झाल्या, म्हणजे ती बांधणी फुकट गेली असे म्हणता येत नाही. बंगळूर, इंफाळ, लुधियाना असा फेरा करीत हा मान डिसेंबर २००२ मध्ये हैदराबादेस आला. शहराने कमालीचा झपाटा दाखविला. गचिबावलीस मोठे मैदान झाले, त्याला अपघातात निधन पावलेले लोकसभेचे सभापती बालयोगी यांचे नाव दिले गेले. सायकलशर्यतीची धावपट्टी उस्मानियाच्या आवारात बांधली गेली. मूळ दिल्लीत व्हावयाच्या पहिल्या आफ्रो-आशियाई स्पर्धा लांबत लांबत ऑक्टोबर २००३ मध्ये येथेच पार पडल्या. पहिल्या म्हणतो खरे, पण त्यांची दुसरी आवृत्ती निघालीच नाही. २००७ मध्ये जागतिक सैनिकी स्पर्धांचे यजमानपद हैदराबाद व मुंबई यांनी मिळून सांभाळले. समुद्र नसलेल्या शहराने शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबईकडे सोपविणे क्रमप्राप्तच होते.

येथवर सारे कौतुकाचे. परंतु गचिबावलीची ती माळराने आणि खडकांची भूमी कोणाची होती? १९७३ च्या सहासूत्री तडजोडीतून १९७४ मध्ये हैदराबाद केंद्रीय विद्यापीठ निघाले तेव्हा त्याला सुमारे २,३०० एकर जमीन नेमून देण्यात आली होती. शहर दूर होते, जमिनीला भाव नव्हता. पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या आल्या, क्रीडानगरी आली, आणि माळाचे सोने झाले. स्पर्धांच्या यशाने हुरळलेल्या सरकारने २००३-०४ मध्ये यातील ४०० एकर जमीन एका खाजगी कंपनीला क्रीडाप्रबोधिन्या उभारण्यासाठी देऊ केली. त्यानंतरच्या सरकारने २००६ मध्ये तो व्यवहार रद्द केला. वाद न्यायालयात अठरा वर्षे रेंगाळला व २०२४ मध्ये निकाल राज्याच्या बाजूने लागला. त्या ४०० एकरांवर प्रबोधिनीची एक वीटही चढली नव्हती. झाडी मात्र वाढली होती.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावेसे वाटते. त्याच गचिबावलीत, त्याच सुमारास, बॅडमिंटनपटू पुल्लेला गोपीचंद यांना सरकारने पाच एकर जागा दिली. पैसा उभा करण्यासाठी त्यांना स्वतःचे घर गहाण टाकावे लागले. २००८ मध्ये प्रबोधिनी सुरू झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील साईना नेहवालचे कांस्य आणि २०१६ च्या रिओमधील सिंधूचे रौप्य ही तेथील मेहनतीची फळे. चारशे एकर आणि पाच एकर यांचा हा हिशोब ज्याचा त्याने करावा. उलट, स्पर्धांसाठी बांधलेल्या गचिबावलीच्या क्रीडाग्रामातील उंच इमारतीत २०२० च्या साथीत सरकारी रुग्णालय थाटले गेले. संकटकाळी ती उपयोगी पडली हे बरेच झाले. पण खेळाडूंसाठी तिचा उपयोग त्याआधी किती होत होता, असेही मनात येते.

गोमंतकीय वाचकांस हे ओळखीचे वाटेल. जानेवारी २०१४ मधील लुसोफोनिया स्पर्धांसाठी गोवा विद्यापीठाच्या परिसरात, ताळगावच्या पठारावर, श्यामाप्रसाद मुखर्जी बंदिस्त क्रीडागार उभे राहिले. राष्ट्रीय स्पर्धांचे यजमानपद गोव्याला मिळूनही त्या वर्षानुवर्षे पुढे ढकलल्या गेल्या आणि अखेर २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाल्या. पदकांत महाराष्ट्र पहिला आला. विद्यापीठाच्या पठारावर बांधले म्हणजे विद्यार्थ्यांसाठी बांधले, असा आपला भाबडा समज असतो. विद्यार्थ्याला दररोज संध्याकाळी ते दार उघडे असते काय, हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

विद्यापीठांच्या स्पर्धांना सरकारी थाट मिळाला तो अगदी अलीकडे. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या, आणि बंगळूर, उत्तर प्रदेश, ईशान्येकडील राज्ये, राजस्थान असा त्यांचा प्रवास झाला. म्हणजे विद्यापीठांच्या खेळांचे यजमानपणही आता वसतिगृहातून सचिवालयाकडे निघाले आहे. त्यातून खेळाडूंना बरी मैदाने व बरा प्रवासखर्च मिळत असेल तर कोणी कुरकुर करू नये. पण ज्या विद्यापीठाची जमीन एका स्पर्धेच्या कीर्तीपायी आकुंचित झाली, त्याच्या विद्यार्थ्यांना पाहुणचाराचे हे गणित निराळे दिसणार. मार्च २०२५ च्या अखेरीस त्याच ४०० एकरांवर लिलावाच्या तयारीसाठी यंत्रे चालू लागली. झाडे पडू लागली तेव्हा हैदराबाद विद्यापीठाचे विद्यार्थी आडवे उभे राहिले, काहींची धरपकड झाली. आणि ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेथील सर्व काम थांबविण्याचा आदेश दिला.