सनद, मुन्तखब आणि टोकन

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आज आपण एकाच क्रियेचा वाचक मानतो. फारसी दफ्तराच्या परंपरेतून आलेले हे दोन शब्द मराठी चिटणिशीत मात्र दोन भिन्न कार्ये दर्शवीत. पत्रारंभीचा शिक्का पत्र कोणाचे हे सांगे. अखेरचे मोर्तब मजकुराची मर्यादा दाखवी, म्हणजे पुढे कोणास भर घालता येऊ नये. महजरावरील ‘निशाणी नांगर’ ही खूण याहून निराळी. ती करणारा शेतकरी वर्गातील आहे एवढेच तीवरून कळे. तो कोण, हे नावावरून व गोताच्या साक्षीवरून ठरे.

व्यक्तीची ओळख आणि तिचा अधिकार यांतील हा भेद जावा भाषेतील वेब-आज्ञावलींच्या इतिहासातही महत्त्वाचा ठरला. १९९९ च्या सर्व्हलेट २.२ या विनिर्देशात पानांवरील अधिकार भूमिकेला जोडता येत असे. ती एक प्रकारे नांगराची निशाणीच होय. २०१२ चे ओऑथ २.० हे अधिकार सोपविण्याचे साधन. ओळखीसाठी त्यावर २०१४ मध्ये ओपनआयडी कनेक्ट हा स्वतंत्र थर रचावा लागला.

आता निवडीचा प्रश्न. सत्राची नोंद सर्व्हरने स्वतःपाशी ठेवावी, की स्वाक्षरीयुक्त टोकन धारकाच्या हाती द्यावे? दुसऱ्या मार्गाचे पूर्वरूप इनामपत्रांत आढळते. प्रतिवर्षी नव्या पत्राचा आग्रह न धरता, नक्कल ठेवून अस्सल पत्र धारकास परत करावे, अशी आज्ञा त्यांत अंमलदारांस असे. वारंवार हुजुरास विचारणे टळे, ही सोय. परंतु एकदा दिलेले पत्र निष्प्रभ करणे कठीण, ही अडचण. वसमत तालुक्यातील हट्टा ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे जुन्या सनदांची अतियात खात्याकडून चौकशी होऊन निर्णयाचा मुन्तखब दिला जाई. १९५२ मध्ये अशा चौकशांसाठी कायदाही झाला.

यावरून निष्कर्ष असा की, एका संस्थेच्या मर्यादित आज्ञावलीस सत्र व भूमिका पुरेशा आहेत. तेथे नोंद पुसताच प्रवेश थांबतो. अनेक सेवा एकाच ओळखीवर विसंबत असतील तेथे टोकन इष्ट. पण त्याची मुदत अल्प असावी आणि नूतनीकरणाच्या वेळी अधिकार पुन्हा तपासावा. पत्र अस्सल असणे निराळे आणि त्यातील अधिकार आजही जिवंत असणे निराळे.